तारेचा पीळ

डेअरीतली टोळ तिसऱ्यांदा तिची मोटारसायकल ढकलत आली तेव्हा मी दारात भांडी घासत होते. तिला चढावर पाहिलं आणि मी हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. दुरुस्त केलेली गाडी एकदा परत येते, त्यात काही नाही, यंत्रच आहे ते. दुसऱ्यांदा आली तर माणूस हसून सोडून देतो. तिसऱ्यांदा आली की लोक गाडीकडे बघायचं सोडून मिस्त्रीकडे बघायला लागतात. आणि आमच्या मिस्त्रींकडे कुणी फार निरखून बघू नये म्हणून मी चौदा महिने जिवाचं रान करत होते.

मिस्त्री म्हणजे आमचे हे. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मीही तेच म्हणते. लग्न झाल्यावर नाव घ्यायची लाज वाटायची म्हणून म्हणायला लागले, ते तोंडात बसलं ते बसलंच. घराला लागून आमची पत्र्याची शेड आहे. उन्हाळ्यात आत तव्यावर बसल्यासारखं होतं. दगडाची खाण चालू होती तोवर शेडसमोर ट्रक, कॉम्प्रेसर, मोटारसायकली अशी रांग असायची. मग खाणीत खालून पाणी लागलं, खाण बंद पडली, माणसं कामाच्या मागे निघून गेली. आता आठवड्याला दोन गाड्या आल्या तरी मिस्त्री सकाळी दाढी करून बसतात. कुणीतरी आपल्याला हाक मारावी एवढंच त्यांना हवं असतं.

टोळ ही त्या बंद खाणीतली एकुलती एक गिऱ्हाईक. सकाळी डेअरीत वजनकाट्यावर दूध मोजते आणि दुपारी खाणीत जाऊन मोटारसायकल दगडावरून दगडावर उडवते, म्हणून गावानं तिला टोळ केलं. तिची गाडी ट्रायल्सची. तिला सीटच नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं होतं, अगं, सीट चोरांनी नेली की काय. तिनं हसत हसत सगळं समजावलं होतं. या खेळात पळायचं नसतं, पडायचं नसतं आणि जमिनीला पाय लावायचा नसतो. दगडाच्या टोकावर क्लच दाबून गाडी जागच्या जागी उभी करायची, तोल धरायचा, पुढचा दगड बघायचा, आणि मग उडी. सगळी मदार त्या क्लचवर. आणि तिच्या गाडीचा क्लच महिनाभर सुटत नव्हता. लिव्हर पार दाबली तरी चाक इंजिनाला धरून राहायचं आणि गाडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकायची. रस्त्यावर हे कुणाला कळणारही नाही. दगडाच्या टोकावर चार बोटं पुढे म्हणजे खाली.

त्या दिवशी तिच्या मनगटाला पट्टी होती आणि हनुवटीवर खरचटलेलं होतं. रविवारी तिची स्पर्धा होती आणि तो दिवस गुरुवार होता. पहिल्या वेळी मिस्त्रींनी तिचं तेल बदलून पातळ तेल घातलं होतं, दुसऱ्या वेळी लिव्हरच्या नळीतली हवा काढली होती. दोन्ही कामं बरोबरच होती. दुखणं तिथं नव्हतं, एवढंच.

गाडी शेडमध्ये लावून टोळ माझ्याकडे आली, नळावर हात धुतल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, "काकू, मोठ्या गॅरेजला दाखवू का? काकांना राग येईल का?"

मी काही बोलायच्या आत शेडमधला पान्याचा आवाज थांबला. त्यांचे कान अजून तिखट आहेत. ते बाहेर आले, फडक्याला हात पुसत, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले की उद्या सकाळी क्लच उघडतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. आवाज साधाच होता. पण ते फडकं पुसून झालेल्या हातावरून फिरतच राहिलं, ते मी पाहिलं.

त्यांच्या बोटांत जीव राहिलेला नाही. आम्ही शेड टाकायच्या आधी एकोणीस वर्षं ते खाणीत ड्रिल मशीनवर होते. दिवसभर ते मशीन छातीशी धरून दगडात भोकं पाडायची. हात संध्याकाळीसुद्धा थरथरत असायचे, चमचा ताटावर वाजायचा. तेव्हा आम्ही हसायचो. ते हसणं आता आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नंतर थंडीत बोटं पांढरी पडायला लागली, मग मुंग्या, मग काहीच नाही. एकदा तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकून ते कुणाशी तरी बोलत उभे होते, आणि जळल्याचा वास आल्यावर त्यांना कळलं. डॉक्टरांनी सांगितलं की नसा गेल्या, आता परत येणार नाहीत. घरी येताना मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय, थोडा बधिरपणा आहे." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात या गोष्टीला कुलूप लागलं. आता परगावी नोकरीला गेलेल्या आमच्या पोरीलाही सांगितलं नाही.

मग मी चोरी सुरू केली. दुपारी जेवून ते आडवे झाले की शेडमध्ये जायचं आणि त्यांनी सकाळी केलेल्या कामाला पुन्हा एकदा पाना लावायचा. कुठे नट सैल, कुठे आटे चुकून तिरका बसलेला बोल्ट. तीस वर्षं त्यांना पाने देता देता मला अर्धी विद्या आलीच होती, उरलेली भीतीनं शिकवली. ते उठायच्या आत हात धुवून चहा ठेवायचा. चौदा महिन्यांत एकदाही सापडले नाही. घट्ट केलेल्या नटावर कुणाची सही नसते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी टोळची गाडी पोत्यावर डाव्या कुशीला आडवी केली. असं केलं की उजवीकडचं क्लचचं कव्हर वर येतं आणि आतलं तेल सांडत नाही. मी शेजारी पाटावर मेथी निवडायच्या निमित्तानं बसले. एक बोल्ट त्यांच्या हातातून निसटून इंजिनाखाली गेला. ते बोटांनी चाचपत राहिले. बोट त्या बोल्टला दोनदा लागलं, त्यांना कळलं नाही. मी मेथीची काडी उचलावी तसा तो उचलून डब्यात टाकला. दोघांनीही काही झालंच नाही असं केलं.

कव्हर निघालं, स्प्रिंगा निघाल्या, मग एकेक करून प्लेटा. घासाच्या पाच, म्हणजे ज्यांचा खरखरीत थर घासून पकड धरतो त्या, आणि त्यांच्या मधेमधे नुसत्या लोखंडी. मिस्त्रींची एक जुनी रीत आहे. प्लेटा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवायच्या, आणि तारेची दोन्ही टोकं पिळून ठेवायची, म्हणजे बसवताना उलटसुलट होत नाही. ओवण्याआधी प्रत्येक प्लेट पुसून ते तिच्यावरून बोट फिरवत. डोळ्याला काय दिसतंय, बोटाला कळतं, असं त्यांचं कायमचं म्हणणं. चष्मा खिशात असायचा, पण लोकांसमोर लावायचा फक्त पेपर वाचताना.

पाचही प्लेटांवरून बोट फिरलं. "स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "नव्याच आहेत, महिन्यापूर्वीच तर तिनं घातल्या. दोष बास्केटात असणार."

बास्केट म्हणजे प्लेटा ज्याच्या खाचांत बसतात ते भांडं. त्याच्या खाचांत बारीकसे खड्डे पडलेही होते. ते कानस घेऊन बसले. उन्ह डोक्यावर आलं, पत्रा कडकड वाजायला लागला, त्यांच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि कानस एका लयीत चालली होती. काम करतानाची त्यांची ती पाठ मला तरुणपणापासून आवडते. मी बघत बसले होते म्हणूनच दिसलं, नाहीतर त्यांना कळलंच नसतं. बास्केटाच्या पांढऱ्या कडेवर लाल ओघळ आला होता. कानस त्यांच्या अंगठ्यावरून जात होती.

मी हात धरला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मी फडकं गुंडाळलं. ते म्हणाले, कानसच बोथट आहे, सरकते. मी म्हटलं, हो, नवी आणायला हवी.

जेवून ते झोपले. मी दार ओढून घेतलं आणि शेडमध्ये गेले. तारेचा पीळ सोडून पहिली प्लेट हातात घेतली, आणि नख फिरवताक्षणी ते अडकलं. प्लेटेवर घासाचे जे चौकोनी तुकडे चिकटवलेले असतात, त्यांच्या फटींत सरस बाहेर येऊन वाळला होता. रंग अगदी घासासारखाच, काळपट तपकिरी, वरून तेल. डोळ्याला दिसेल न दिसेल. पण हाताला कसा लागत होता म्हणून सांगू, मेणबत्तीचा ओघळ टेबलावर वाळतो ना, तसा. प्रत्येक फटीत. सुटायला लागल्या की या प्लेटा शेजारणीला चिकटून बसत होत्या. ज्यांची बोटं जिवंत आहेत अशा कुणालाही पहिल्या प्लेटेला कळलं असतं. ते चुकले नव्हते. त्यांनी जागा बरोबर शोधली होती, बोट बरोबर तिथंच ठेवलं होतं. बोटानं त्यांना दगा दिला.

मग स्वयंपाकघरातली बटाटे सोलायची लहान सुरी आणली आणि खरवडायला बसले. एका प्लेटेला पंधरावीस फटी, दोन्ही बाजू, पाच प्लेटा. घासाला ओरखडा न जाता फक्त सरस काढायचा. तो उकलून पापुद्र्यासारखा निघायचा. बोटांची सालं निघाली, पाठीला रग लागली. आत खाटेची कुरकुर ऐकली तेव्हा पाचवी प्लेट नुकतीच पुसून झाली होती. घाईघाईनं सगळ्या क्रमानं ओवल्या, तार पिळली, खिळ्याला अडकवली, पदरानं चुरा गोळा केला आणि चहा ठेवायला पळाले.

चहा पिऊन ते शेडमध्ये गेले. मी कपबशा विसळत होते. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मग हाक आली. "इकडे ये जरा."

मी ओल्या हातांनीच गेले. ते तारेची माळ समोर धरून उभे होते, आणि नाकावर चष्मा होता.

"हा पीळ कुणाचा?"

मी तारेकडे पाहिलं. आणि मला कळलं. मी डावखुरी. त्यांचा पीळ उजवीकडे जातो, माझा डावीकडे. चौदा महिने मी नट आवळले, बोल्ट आवळले, ते सगळे एकाच बाजूला आवळतात, हात कुठलाही असो. तार तशी नसते.

मांजरानं खाली पाडली होती, मी उचलून बांधली, असं मी म्हटलं. त्यांनी एक प्लेट उजेडाकडे धरली, चष्म्यातून जवळून पाहिली, आणि म्हणाले, "मांजर बरीच कामसू दिसते. फटी खरवडून ठेवल्यात."

ते थट्टेनंच बोलले, पण तोंड थट्टेचं नव्हतं. मी मान खाली घातली. शेडमध्ये त्यांचं एक लाकडी स्टूल आहे, त्यावर दुसरं कुणी बसत नाही. त्यांनी ते पायानं माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः पालथ्या डब्यावर बसले.

"कधीपासून?"

"डॉक्टरांकडे जाऊन आलो तेव्हापासून."

तारेचा माझा पीळ त्यांनी स्वतःच उलगडला, त्याला वेळ लागला, मी मदत केली नाही. मग पहिली प्लेट तेलात बुडवून माझ्या हातात दिली. बसवायचं मी. बसवता बसवता त्यांनी विचारलं, गिरणीचं इंजिन? मी मान हलवली. त्यांनी लोखंडी प्लेट दिली, मी बसवली. मग पुढची दिली. पोस्टमनची मोपेड? मी म्हटलं, साखळीच तेवढी सैल होती. ते म्हणाले, साखळी सैल राहिली तर माणूस कुठे जातो माहीत आहे ना तुला. मी म्हटलं, माहीत आहे. तिसरी प्लेट देताना ते थांबले, आणि फार हळू आवाजात विचारलं, "शाळेची व्हॅन?"

मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. ब्रेकच्या नळीचा जोड गळत होता. मी ते तोंडानं बोलू शकले नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात तोंडानं बोलायची गरज किती असते. त्यांनी हातातली प्लेट पुन्हा तेलात बुडवली. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. उरलेल्या प्लेटा दिल्या, मी बसवल्या, स्प्रिंगा लावल्या, कव्हर लावलं. शेवटचा बोल्ट ते म्हणाले आवळ, मग म्हणाले, आणखी थोडा, मग म्हणाले, पुरे. बोल्ट किती आवळलाय ते पान्याच्या आवाजावरून सांगत होते. मला वाटत होतं की मी त्यांना वाचवतेय. त्या क्षणी वाटलं, मी एवढे दिवस त्यांचं सगळं एकेक करून काढून नेलं, आणि त्यांना कळूही दिलं नाही.

संध्याकाळी टोळ आली. गाडी सुरू केली, गरम होऊ दिली, पहिला गिअर टाकला, क्लच दाबला आणि फाटकाजवळच्या दगडावर पुढचं चाक चढवून फूटरेस्टवर उभी राहिली. गाडी जागची हलली नाही. इंजिन चालू, गिअरमध्ये, आणि चाक गप्प. ती तशी उभी राहिली, आम्ही बघत राहिलो, शेजारची दोन माणसंही बघायला थांबली. उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पट्टी बांधलेल्या हातानं तिनं मिस्त्रींचा हात धरला आणि म्हणाली, काका, हात आहे तुमचा.

मिस्त्री म्हणाले, "हात काकूचा आहे."

टोळ हसली. काकूचा हात चहाला, तुमचा हात गाडीला, असं काहीतरी म्हणाली, शेजारची माणसंही हसली. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. ती गेली, गाडीचा आवाज खाणीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. मग त्यांनी शेडचे पाने एकेक पुसून भिंतीवर लावले, नळावर हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, कितीतरी वेळ.

दारात पायरीवर आम्ही बसलो. अजून थोडा उजेड होता. जेवायला वाढू का म्हणून मी विचारणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "पोरीची स्कूटर?"

गेल्या वर्षी पोरगी नोकरीवर रुजू व्हायला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तिची स्कूटर त्यांनी सगळी खोलून नीट केली होती. घाट उतरून सहा तासांचा रस्ता. ती पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा ते गावभर सांगत फिरले होते, पोरीनं एवढा रस्ता केला, गाडीनं कुठे कुरकुर केली नाही. त्या सकाळी, ती आंघोळीला गेलेली असताना, मी मागच्या चाकाच्या नटाला पाना लावायला गेले होते. पाना लागलाच नाही. नट माझ्या नुसत्या बोटांनी फिरला, इतका सैल होता.

"तिला मी हातसुद्धा लावला नाही," मी म्हटलं. "ती सगळी तुमचीच."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी डोळे हलवले नाहीत. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, निदान एवढं तरी मी चांगलं केलं. ते रडत होते, पण बरं वाटल्यासारखे रडत होते. कापलेल्या अंगठ्यानं डोळे पुसले.

"मग झालं तर," ते म्हणाले. "उद्यापासून शेड तू बघ. मी कशालाही हात लावणार नाही, शपथ. लोकांच्या जिवाशी खेळ नको. फक्त पोरीची गाडी मी बघणार. पुढच्या महिन्यात यायची आहे ना ती. तेवढी एक मला राहू दे."

मी बरं म्हटलं आणि ताटं वाढायला आत गेले.